घरातली यंत्रे, पावत्या आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी तरी विद्वान पाहुण्या येतात आणि आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून जातात. यंदा कार्यकारिणीने ठरविले, की बोलणारी आपल्यातलीच असावी. आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान असे मी कधी दिलेले नाही. परंतु विषय माझा मी निवडावा अशी मोकळीक मिळाली, तेव्हा मनाशी म्हटले, ज्याच्याशी आपली रोजची झटापट आहे त्यावरच बोलावे. पूर्वी ही झटापट जावा-नणंदांशी असे म्हणतात. हल्ली ती मिक्सरशी, फ्रीजशी आणि मोबाईलशी असते!

माझे माहेर खाडीपलीकडचे. आईच्या घरी पाटा-वरवंटा होता, जाते होते, विहिरीवर रहाट होता आणि रॉकेलचा एक स्टोव्ह होता. या चीजवस्तू बिघडत नव्हत्या असे नाही. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारा येई. स्टोव्हची पिन बाजारात मिळे व ती बदलणे आईला येत असे. बिघाड डोळ्यांना दिसे आणि दुरुस्ती हाताला कळे. आताच्या यंत्रांचे तसे नाही. ती बंद पेटीसारखी असतात. आत काय बिनसले ते आपल्याला दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून समोरचा माणूस सांगेल ते खरे मानावे लागते. माझ्या मते आपली सगळी अडचण इथून सुरू होते.

त्यात आपले गाव समुद्राच्या तोंडावर. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे आपण राहतो. वारा खारा. घाटावरच्या माझ्या मावसबहिणीचा फ्रीज बारा वर्षे झाली तरी ठणठणीत आहे, आणि माझ्या फ्रीजच्या पाठीला तिसऱ्या पावसाळ्यात तांबेरा चढला. पावसाळ्यात विजेचा दाब कधी वर, कधी खाली. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि १६ मे २०२१ चे तौक्ते वादळ आपण कोणी विसरलेल्या नाही. तेव्हापासून मी एक शिरस्ता पाळते. वारा सुटला आणि दिवे मिणमिणू लागले, की फ्रीज, टीव्ही, मिक्सर यांच्या पिना भिंतीतून काढून ठेवायच्या. नुसते बटण बंद करून भागत नाही. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा, महिन्यातून एकदा त्याची पाठ कोरड्या फडक्याने पुसावी. यांत खर्च काही नाही, आणि यंत्राचे आयुष्य वाढते.

आता मिक्सरची हकीकत सांगते. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ती अर्धीमुर्धी ठाऊक आहे. आज पुरी सांगते.

२०२४ च्या गणपतीआधी मी रत्नागिरीच्या एका दुकानातून मिक्सर घेतला. किंमत तीन हजार चारशे रुपये. हे पैसे माझे स्वतःचे होते. आंब्याची साटे आणि आमसुले विकून साठविलेले. मिक्सर हौसेसाठी नव्हता. सुटीच्या दिवसांत गणपतीपुळ्याला पर्यटक येतात, तेव्हा तिथल्या एका खानावळीला मी सोलकढी पुरवते. रोजचे दहा-बारा नारळ वाटावे लागतात. डिसेंबरात ऐन गर्दीच्या आठवड्यात मिक्सर घरघरला, जळका वास आला आणि थांबला. यंत्राला दोन वर्षांची हमी होती आणि चार महिनेही पुरे झाले नव्हते.

मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, “आमचे काम विकण्यापुरते. दुरुस्तीच्या केंद्रात जा.” केंद्रात गेले. तिथल्या माणसाने हमीपत्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “यावर दुकानाचा शिक्का नाही.” शिक्का मारणे हे दुकानदाराचे काम. पावती माझ्याजवळ होती, तिच्यावर तारीख होती, यंत्राचा नंबर होता. ती दाखविली, तेव्हा म्हणाला, “खाऱ्या हवेने मोटार गेली आहे, ते हमीत बसत नाही. बाराशे रुपये पडतील.” मी विचारले, “मोटार उघडून न पाहता खारी हवा कशी दिसली?” त्यावर तो हसला आणि म्हणाला, “बाई, तुम्हाला त्यातले काय कळते?”

भगिनींनो, बाराशे रुपयांपेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. मोटारीतले मला कळत नाही हे खरेच आहे. पण दोन वर्षे म्हणजे किती आणि चार महिने म्हणजे किती एवढे सातवीच्या बाईला कळते.

जयगडहून रत्नागिरी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धे तिकीट आहे, म्हणून भाड्याचा भार हलका; परंतु दिवस पुरा मोडतो. अशा तीन खेपा झाल्या. त्या दिवसांत मी आईसारखी पाट्यावर नारळ वाटीत होते. खांदे भरून येत, आणि बारा नारळांच्या जागी पाचच होत. खानावळीच्या मालकांनी दोनदा सांभाळून घेतले, तिसऱ्यांदा म्हणाले, “ताई, जमत नसेल तर दुसरीकडून घेतो.” घरात आमचे हे म्हणाले, “देऊन टाक बाराशे आणि मोकळी हो.” त्यांचे म्हणणे प्रपंचाच्या हिशेबाने चुकीचे नव्हते. पण त्याच दुकानातून तोच मिक्सर आपल्या आळीत आणखी तिघींनी घेतला होता. आज मी मुकाट्याने पैसे दिले, तर उद्या त्या तिघींनाही हेच उत्तर मिळणार. म्हणून मी थांबले.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “आई, १९१५ ला फोन लाव.” हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. सकाळी आठ ते रात्री आठ कोणी तरी उत्तर देते. मी पडवीच्या कोपऱ्यात उभी राहिले, कारण आमच्या घरात रेंज तेवढीच. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारले: वस्तू कोणती, कंपनी कोणती, घेतली केव्हा, पावतीचा नंबर काय, दुकानात काय सांगितले, तुमची मागणी काय? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आपण रडगाणे गातो आणि नेमके काय हवे ते सांगायचे राहते. मी सांगितले, “हमीप्रमाणे मोटार फुकट दुरुस्त करून द्यावी.” लगेच मोबाईलवर तक्रारीचा नंबर आला. तो मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला. शिक्क्याचे नाव कोणी काढले नाही, खाऱ्या हवेचेही नाही. मोटार नवीन बसवून मिळाली, एक पैसा न घेता. ज्या माणसाने “काय कळते” म्हटले होते, त्यानेच मिक्सर माझ्या पिशवीत घालून दिला. मी त्याला म्हटले, “भाऊ, केलेल्या कामाचा कागद द्या.” त्याने निमूटपणे लिहून दिला. त्याला टोमणा मारावा असे मला वाटले नाही. तोही कोणाचा तरी नोकरच.

आता ही हेल्पलाइन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. ते न्यायालय नव्हे. तक्रार कंपनीकडे पोहोचविणे आणि तिच्याकडून उत्तर मागणे, एवढे तिचे काम. तेवढ्याने पुष्कळ तंटे मिटतात, सगळे मिटत नाहीत. न मिटला, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्याचा आयोग रत्नागिरीस आहे. पूर्वीचा ग्राहक कायदा १९८६ चा; त्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबरला मिळाली, म्हणून त्या तारखेला ग्राहक दिन पाळतात. नवा कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यात आपल्या सोयीची मोठी गोष्ट अशी, की वस्तू मुंबईहून घ्या नाही तर मोबाईलवरून मागवा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते.

आणखी दोन कलमे घरोघर ठाऊक असावीत. पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीही तशीच प्रथा. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत न्यावा. म्हणून “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी पाहून घाबरून परत फिरू नये. मात्र लक्षात ठेवा, माल सदोष असला पाहिजे. लग्नात एक दिवस मिरवून साडी परत करायला जाणे याला हक्क म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

हे हक्क आपल्याला कोणी आयते दिले असे समजू नका. १९७२ साली दुष्काळ आणि महागाईने लोक टेकीस आले, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी आघाडी उभारली. हजारो गृहिणी हातांत लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पुढे १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिथे शेजारची कुटुंबे एकत्र येऊन गट करतात, महिन्याच्या जिनसांची मागणी एकदम नोंदवतात आणि आलेला माल आपसांत वाटून घेतात. एकटीला दुकानदार उडवून लावील, पण गटाला उडवून लावणे त्याला कठीण जाते. कायदा झाला तो या सगळ्यानंतर. लाटणे आपल्याही घरात आहे. ते उगारण्याची पाळी येऊ नये म्हणून आधी कागद जपावा, एवढेच माझे सांगणे.

आता विकत घेताना काय पाहावे ते थोडक्यात सांगते.

प्रेशर कुकरवर आय.एस.आय. खूण असलीच पाहिजे. तिच्याशिवाय कुकर विकणे कायद्याने मना आहे. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर तारीख छापलेली असते. उंदराने कुरतडली किंवा चीर दिसली तर पाच वर्षे थांबूच नये. बंद पाकिटावरची किंमत सर्व करांसह असते, तिच्यावर “थंड करण्याचे” म्हणून आणखी दोन रुपये देणे लागत नाही. सोन्याचा दागिना घेताना हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी व अंकी क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक मोबाईलवरच्या बी.आय.एस. केअर ॲपमध्ये घातला की दागिन्याची शुद्धता कळते. मंगळसूत्राच्या दोन वाट्या असल्या, तरी विचारायला लाजू नये.

फ्रीजवर तारे असतात. जितके तारे जास्त, तितकी वीज कमी. पण नुसते तारे मोजू नका. त्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो, तो वाचा. समजा, एका फ्रीजला वर्षाला अडीचशे युनिट आणि दुसऱ्याला एकशे ऐंशी. फरक सत्तर युनिटांचा. युनिट सात रुपयांनी धरले तर वर्षाला चारशे नव्वद रुपये, दहा वर्षांत जवळजवळ पाच हजार. मग दुसरा फ्रीज तीन हजारांनी महाग असला तरी तोच स्वस्त. हा हिशेब पाचवीचे मूल करील. पण दुकानात आपण फ्रीजचा रंग पाहत बसतो!

हप्त्याने घेण्याचाही मोह असतो. “बिनव्याजी” असे लिहिलेले असते, परंतु कागदपत्रांचा खर्च म्हणून काही रक्कम आधीच कापतात. रोख किती आणि सगळे हप्ते मिळून किती, हे दोन आकडे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यावेत. त्यांची वजाबाकी हेच व्याज, मग त्याचे नाव काहीही असो.

शेवटी मोबाईल. या वस्तूने आपल्याला जेवढे छळले तेवढेच सुखही दिले आहे. जागा भरली म्हणून फोटो निघत नाही, आणि पाहावे तर निम्मी जागा “सुप्रभात”च्या फुलांनी खाल्लेली. चार आकडी ओ.टी.पी. येतो तेव्हा आपण विहिरीवर, आणि धावत पडवीत यावे तो त्याची मुदत संपलेली. परंतु आमच्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नसे. मुलीने अक्षरे मोठी करून दिली, मुंबईच्या नातवाचा फोटो त्याच्या नावावर लावून दिला. आता फोटोवर बोट ठेवून त्या रोज संध्याकाळी त्याच्याशी तोंड पाहून बोलतात. पूर्वी चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला दिसत. या एका गोष्टीसाठी मी मोबाईलचे बाकीचे अपराध पोटात घालते.

पैशाच्या बाबतीत मात्र सावध असावे. गेल्या हंगामात आळीतल्या एका वहिनींना फोन आला. बोलणारा गोड मराठीत म्हणाला, “काकू, तुमच्या आंब्याच्या पंधरा पेट्या हव्यात. आगाऊ पैसे पाठवितो. मी पाठविलेला चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात.” वहिनी हुशार. त्या म्हणाल्या, “रोज बंदरावर मासळी विकताना लोक मला पैसे देतात, तेव्हा पिन ते टाकतात. मग आज मी का टाकू?” फोन तत्काळ बंद झाला. भगिनींनो, याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात नाही. पिन लागतो तो पैसे देताना, पैसे घेताना नाही. एवढे एक वाक्य चुलीवर लिहून ठेवा. आणि कोणी फसलीच, तर घरात बोलणी बसतील म्हणून लपवू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा वाटेत अडण्याचा संभव जास्त. चोरी झाली तर लाज चोराला वाटावी, घरधनिणीला नव्हे.

आता मंडळापुढे तीन सूचना ठेवते आणि थांबते.

पहिली: प्रत्येकीने घरात एक प्लॅस्टिकची फाइल करावी. तीत पावत्या, हमीपत्रे आणि दुरुस्तीचे कागद ठेवावेत. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या काही महिन्यांत उडून कोऱ्या होतात. म्हणून आणल्या दिवशीच त्यांचा मोबाईलवर फोटो घ्यावा आणि शक्य तर झेरॉक्स काढावी. वस्तू घेतानाच हमीपत्रावर शिक्का, सही आणि तारीख मागून घ्यावी.

दुसरी: मंडळाने एक वही ठेवावी. कोणी काय घेतले, कुठून, किती किमतीला, बिघडले का, दुरुस्ती कोणी नीट करून दिली, हे तीत लिहावे. नवीन वस्तू घेण्यापूर्वी जाहिरात पाहण्याऐवजी ती वही पाहावी. खाऱ्या हवेत कोणते यंत्र टिकते हे जाहिरातवाल्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे.

तिसरी: महिन्याच्या सभेत अर्धा तास तक्रारींसाठी ठेवावा. जिला लिहिता येत नाही तिचा अर्ज दुसरीने लिहावा, जिला फोनवर बोलायची भीती वाटते तिच्याशेजारी एकीने बसावे. माझ्या मिक्सरनंतर त्या तिघींपैकी एकीचा बिघडला. तिने पावती आणि माझा कामाचा कागद दोन्ही नेले. एका खेपेत काम झाले, आणि “काय कळते” असे तिला कोणी म्हटले नाही. ही जिंक लहान आहे, पण ती एकटीची नाही.

यंत्रे आपल्या हाताखाली राबायला आली आहेत. आपण त्यांच्या आणि ती विकणाऱ्यांच्या धाकात राहू नये. मोटार आतून कशी फिरते ते कळले नाही तरी चालेल. आपण पैसे कशाचे दिले आणि त्या बदल्यात काय मिळायला हवे, एवढे प्रत्येकीला कळले पाहिजे, आणि ते शांतपणे, न चिडता, न घाबरता मागता आले पाहिजे.